विचारतो नीट, वाचत नाही : उमेदवारी अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्राविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, तहसील कार्यालयाकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, आधारमधील दुरुस्ती ही बारमाही कामे तिथे चालतातच. परंतु ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या की चार-पाच दिवस ते केंद्र केवळ उमेदवारी अर्जांचे होऊन जाते. डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत माझ्या सुनेचा सदस्यपदाचा अर्ज आम्ही तिथून भरून घेतला आणि निकालानंतर खर्चाचा हिशेबही त्याच केंद्रामार्फत सादर करण्याचे ठरवले होते. त्या दोन्ही कामांचा अनुभव इथे नोंदवत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. तालुका लहान आहे, माणूस चांगला आहे, आणि ज्या उणिवा मी सांगणार आहे त्या अशा बहुतेक केंद्रांना कमी-अधिक लागू पडाव्यात असे मला वाटते. जानेवारी 2021 मध्ये ज्या 14 हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यांची पाच वर्षांची मुदत 2026 च्या आरंभापर्यंतचीच होती, त्यामुळे अशा केंद्रांसमोर पुन्हा रांगा लागणार हे उघड आहे.

ज्यांनी हा अर्ज कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्वी तहसीलमधून छापील अर्ज आणायचा, शाईने भरायचा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा, एवढेच काम होते. आता राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते, माहिती भरावी लागते, ती अंतिम करून तिची छापील प्रत काढावी लागते, आणि मग सही करून ती प्रत कागदपत्रांसह ठरलेल्या दिवसांत सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळेत नेऊन द्यावी लागते. म्हणजे संगणकही आला आणि रांगही राहिली. डिसेंबर 2020 मध्ये संकेतस्थळावर इतका ताण आला होता की अखेरच्या दिवशी, 30 डिसेंबरला, संध्याकाळी साडेपाचपर्यंत जुन्या पद्धतीने कागदावर अर्ज घेण्याची मुभा आयोगाला द्यावी लागली. ती आठवण ताजी असल्यामुळे आम्ही शेवटच्या दिवसाची वाट पाहिली नाही. 2022 मध्ये अर्जांची मुदत 28 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर अशी होती; आम्ही बुधवारी, 30 नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता केंद्रावर पोहोचलो. कापसाच्या वेचणीचे दिवस होते, वेचायला बाया मिळत नव्हत्या आणि घरच्या दोन माणसांचा दिवस तालुक्यात घालवणे परवडण्यासारखे नव्हते, हेही कारण होतेच.

या केंद्राची खरी गुणवत्ता टंकलेखनाच्या वेगात नाही, ती केंद्रचालकाच्या प्रश्नांत आहे. आम्ही समोर बसलो तेव्हा त्याने कळफलकाला हात न लावता आधी एक पाठकोरा कागद ओढला आणि सुनेला विचारायला सुरुवात केली. पहिला प्रश्न जन्मतारखेचा होता. उमेदवाराचे वय 21 पूर्ण असावे लागते हे सर्वांना माहीत असते. पण जिचा जन्म 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर झाला आहे, तिला सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावाही जोडावा लागतो, हे मला, चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत काढूनही, ठाऊक नव्हते. सून 1996 ची आणि शिक्षणाने पदवीधर. आम्ही तिचे पदवीचे प्रमाणपत्र तेवढे पिशवीत टाकले होते. ते चालण्यासारखे असले तरी छाननीच्या टेबलावर वाद नको, म्हणून शाळा सोडल्याचा दाखलाही लावा, असे त्याने सुचवले. सुदैवाने जातीच्या प्रमाणपत्राच्या फाइलीत तो निघाला.

दुसरा प्रश्न मुलांचा होता. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे दोनपेक्षा अधिक अपत्ये झाली असतील तर माणूस अपात्र ठरतो, हा नियम गावात सर्वांना पाठ आहे, कारण विरोधकांचा पहिला आक्षेप तोच असतो. आमच्याकडे एकच नात असल्याने तो प्रश्न लगेच मिटला. तिसरा प्रश्न मात्र मला अनपेक्षित होता. "गुरुजी, घर कोणत्या जागेवर हाय? गावठाणात हाय की ई-क्लासवर?" ई-क्लास म्हणजे गुरेचराईसारख्या कामांसाठी राखलेली सरकारी जमीन. सरकारी किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर अतिक्रमण केलेली व्यक्ती सदस्य होऊ शकत नाही हे मी ऐकून होतो, पण अतिक्रमण उमेदवाराने स्वतः केलेले नसले, ते कुटुंबातील दुसऱ्या कोणाचे असले आणि उमेदवार त्याचा उपभोग घेत असला, तरी अपात्रता येऊ शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेला आहे, हे या पोराने मला सांगितले. आमचे घर गावठाणात आहे. तरीही आमच्या वडिलांनी गोठा मागे सरकवताना तीन-चार फूट रस्त्याचे घेतले होते का, या विचाराने मी पाच मिनिटे गप्प झालो, हे कबूल केले पाहिजे. वऱ्हाड-यवतमाळकडे ई-क्लासच्या जमिनीवर अर्धी गावे वसलेली असताना हा प्रश्न अर्ज भरण्याआधी विचारणारा माणूस भेटणे ही मोठी सोय आहे.

चौथा प्रश्न जातीच्या प्रमाणपत्रावरील नावाचा होता, आणि इथे त्याने आमचे जे काम केले त्याबद्दल मी त्याचा खरोखर ऋणी आहे. आमच्या प्रभाग 2 मध्ये तीन जागा होत्या : एक अनुसूचित जमातीची, एक नागरिकांच्या मागास प्रवर्गातील स्त्रीसाठी आणि एक सर्वसाधारण स्त्रीसाठी. सून मागास प्रवर्गाच्या, म्हणजे कचेरीच्या भाषेत 'नामाप्र स्त्री' जागेवर उभी राहणार होती. लग्न झालेल्या बाईची जात वडिलांकडून धरली जाते, त्यामुळे तिचे जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र, दोन्ही माहेरच्या नावाचे; मतदार यादीत मात्र तिचे नाव सासरचे. म्हणजे एकाच बाईच्या कागदांवर दोन नावे, दोन आडनावे आणि मधले नावही एकीकडे वडिलांचे व दुसरीकडे नवऱ्याचे. राखीव जागांपैकी निम्म्या जागा स्त्रियांच्या आणि सर्वसाधारण जागांपैकीही निम्म्या स्त्रियांच्या असलेल्या या राज्यात ही अडचण प्रत्येक गावात, प्रत्येक निवडणुकीत येत असणार, तरी तिचे उत्तर सांगणारी पाटी मला तहसीलमध्ये कुठे दिसली नाही. केंद्रचालकाने विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागितले, ते घरी राहिले आहे म्हटल्यावर मुलाला फोन करून व्हॉट्सॲपवर मागवून घेतले, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र शेजारच्या मुद्रांक विक्रेत्याकडून करून आणायला सांगितले. "वहिनी, मूळ प्रत छाननीच्या दिवशी सोबत ठेवजा, झेरॉक्स दाखवून भागत नाई," हे त्याने दोनदा बजावले. 5 डिसेंबरला छाननीच्या वेळी नेमका हाच आक्षेप आला आणि अर्ध्या मिनिटात निकाली निघाला.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. घरी शौचालय असून त्याचा नियमित वापर होतो काय. घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी आल्यावर तीन महिन्यांत भरली काय. ग्रामपंचायतीच्या कोणत्या कामाचे कंत्राट घरात कोणाकडे आहे काय. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळे खाते उघडले काय. शेवटचे आम्ही उघडलेले नव्हते. त्याने समोरच्या बँकेत पाठवले, तिथे दीड तास गेला, पण तो दोष या केंद्राचा नाही. आमच्याजवळ जात वैधता प्रमाणपत्र तयार होते, कारण सुनेला महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी ते काढावे लागले होते; ज्यांच्याकडे ते नसते त्यांनी जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती जोडायची आणि निवडून आल्यावर 12 महिन्यांच्या आत प्रमाणपत्र आणून द्यायचे, अशी त्या वेळी तरतूद होती. आमच्यासमोर बसलेल्या एका तरुणाला त्याने ही तारीख कागदावर लिहून, तो कागद घडी घालून त्याच्या खिशात ठेवायला लावला. कित्येक गावांत निवडून आलेले सदस्य या एका कागदावाचून घरी बसले आहेत.

तुलनेसाठी सांगतो. त्याच रस्त्यावर, तहसीलच्या अधिक जवळ आणखी एक केंद्र आहे. आमच्या पॅनलमधल्या दोघांनी तिथून अर्ज भरले. तिथे अर्जाला 500 रुपये घेतले, आमच्या केंद्रात 300 घेतले. तिथे पंचवीस मिनिटांत काम होते, इथे आमचे, बँकेतला वेळ सोडून, सुमारे साडेतीन तास गेले. तिथे कोणी काही विचारत नाही. माणूस आधार कार्ड मागतो, कानात वायर घालून टंकत राहतो आणि शेवटी सही करायला सांगतो. आमच्या पॅनलमधल्या एका उमेदवाराचा अर्ज छाननीत अडखळला तो तिथलाच होता. घोषणापत्राचे एक पानच जोडलेले नव्हते. अनामत रक्कम दोन्हीकडे आपल्यालाच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे भरायची असते. राखीव प्रवर्गातील उमेदवाराला 100 रुपये आणि सर्वसाधारण उमेदवाराला 500 रुपये, त्याची पावती मिळते आणि तिचा केंद्राच्या फीशी काही संबंध नाही. हे सांगण्याचे कारण असे की त्या दुसऱ्या केंद्रात काही लोकांकडून 'डिपॉझिटसकट' म्हणून एकत्र पैसे घेतल्याचे ऐकले आणि नंतर टेबलावर त्यांना पुन्हा पैसे मोजावे लागले.

आता चुकीकडे येतो.

बँकेतून परतल्यावर साडेबारापासून सव्वापर्यंत आमचा अर्ज टंकून झाला. संकेतस्थळ मंद होते, पण बंद पडले नव्हते. केंद्रचालकाने 'अंतिम करू का?' असे विचारले, मी मान हलवली, त्याने कळ दाबली आणि छपाईयंत्रातून पाने बाहेर येऊ लागली. पडद्यावरचा मजकूर आम्हाला वाचून दाखवला गेला नाही आणि आम्हीही तो मागितला नाही. त्याच्या खुर्चीमागे अकरा माणसे उभी होती, एक बाई कडेवरच्या मुलाला गप्प करत होती, आणि त्या गर्दीत 'थांबा, मला चष्मा लावून सगळे वाचू द्या' म्हणण्याचे धैर्य मला, आयुष्यभर मुलांना उत्तरपत्रिका पुन्हा तपासून द्या असे सांगणाऱ्या माणसाला, झाले नाही.

आम्ही पाने घेऊन समोरच्या टपरीवर चहाला बसलो. सही करण्याआधी सूनबाईने पहिले पान वाचायला घेतले आणि बशी खाली ठेवून म्हणाली, "मामाजी, इथं सर्वसाधारण स्त्री काऊन लिहिलं?" मी पाहिले. प्रभाग क्रमांक बरोबर, नाव बरोबर, मतदार यादीतील अनुक्रमांक बरोबर, जातीच्या प्रमाणपत्राचा क्रमांकही बरोबर. केवळ ज्या जागेसाठी उमेदवारी आहे तिच्यासमोर 'नामाप्र स्त्री' ऐवजी 'सर्वसाधारण स्त्री' असे छापलेले होते.

या चुकीचे गांभीर्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण ती वरवर किरकोळ वाटते. मागास प्रवर्गातील स्त्री सर्वसाधारण स्त्रीच्या जागेवर उभी राहू शकते. म्हणजे तो अर्ज पूर्णपणे वैध होता. छाननीत त्याला कोणी हरकत घेतली नसती, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो आनंदाने मंजूर केला असता, आणि 2 डिसेंबरनंतर तो दुरुस्त करण्याचा कोणताही मार्ग उरला नसता. सर्वसाधारण स्त्रीच्या जागेवर आमच्याच पॅनलमधली आणखी एक बाई उभी होती. आमच्या दोन बाया एकमेकींसमोर आल्या असत्या, आणि नामाप्र स्त्रीच्या जागेवर समोरच्या पॅनलची उमेदवार एकही मत न पडता बिनविरोध निवडून आली असती. ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते, सगळा खेळ पॅनलवर चालतो, त्यामुळे गावाने याला टंकलेखनाची चूक म्हटले नसते. गुरुजींच्या सुनेने आतून हातमिळवणी केली, असेच म्हटले असते, आणि ते पुसायला आणखी पाच वर्षे पुरली नसती. खोटी माहिती भरली तर छाननीत पकडली जाते. अर्ज खरा असून जागा चुकीची असली तर तिला पकडणारा कोणीच नसतो. ती उमेदवारानेच पकडायची असते.

चूक कशी झाली तेही लगेच कळले. आमच्याआधी त्याने आमच्याच पॅनलमधल्या त्या दुसऱ्या बाईचा, त्याच प्रभागाचा अर्ज भरला होता. प्रभागापर्यंतचे सारे सारखेच, त्यामुळे हाताच्या सवयीने जागेचीही तीच निवड पुन्हा झाली. सकाळी ज्या पाठकोऱ्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने 'नामाप्र स्त्री' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या, तो कागद कळफलकाशेजारीच पडलेला होता. म्हणूनच मी म्हणतो की हे केंद्र विचारते उत्तम, पण वाचत नाही.

आम्ही परत गेलो तेव्हा पावणेदोन झाले होते. त्याने पान पाहिले, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "चूक माझी हाय गुरुजी. पण आता हा अर्ज खुलत नाई, नवीन भरा लागते." एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज देता येतात, त्यामुळे नवा अर्ज भरण्यात कायद्याची अडचण नव्हती; अडचण घड्याळाची होती. संकेतस्थळाचे चाक पडद्यावर गोल फिरत राहिले, दोनदा वीज गेली, इन्व्हर्टरने पडदा जिवंत ठेवला पण इंटरनेटची पेटी बंद पडली, आणि अर्ज अंतिम होऊन हातात आला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. तो आम्ही दुसऱ्या दिवशी, 1 डिसेंबरला जाऊन दिला. या वेळी कळ दाबण्यापूर्वी त्याने पडदा आमच्याकडे वळवला आणि सूनबाईने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. मागच्या रांगेतले लोक कुरकुरले. कुरकुरू द्यावे. दुसऱ्या अर्जाचे पैसे त्याने घेतले नाहीत, छपाईचे 60 रुपये मात्र घेतले. तेही घ्यायला नको होते असे माझे मत आहे. चूक त्याने लपवली नाही, संकेतस्थळावर ढकलली नाही, आमच्यावर तर मुळीच ढकलली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. आमच्या कचेऱ्यांत हा गुण दुर्मीळ आहे.

नमुना मतपत्रिका आणि पत्रके छापून देण्याचे कामही तिथे होते. 7 डिसेंबरला माघारीची वेळ संपून चिन्हे मिळाल्यावर आम्ही ती तिथूनच करून घेतली आणि काम समाधानकारक झाले. ज्यांनी पूर्वी एकाच मताची निवडणूक पाहिली आहे त्यांना ग्रामपंचायतीचे मतदान गोंधळात टाकते : आमच्या प्रभागातल्या मतदाराला सरपंचाचे एक आणि सदस्यांची तीन अशी चार मते द्यायची होती, आणि प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा, सरपंचाची फिकट निळी, अनुसूचित जमातीची फिकट हिरवी, नामाप्रची फिकट पिवळी, सर्वसाधारणची पांढरी. म्हाताऱ्या माणसांना चिन्हाबरोबर रंग सांगितला की बरे पडते. केंद्रचालकाकडे पिवळा कागद होता, पण तो हळदीसारखा गडद; त्याने स्वतःहून तो नाकारला आणि शेजारच्या दुकानातून फिकट कागद आणवला. पत्रकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापायलाही तो विसरला नाही. सहज मनात आले की पहिला अर्ज तसाच गेला असता, तर सूनबाईचे नाव पांढऱ्या कागदावर आले असते आणि आम्ही गावभर पिवळा रंग सांगत फिरलो असतो.

मतदान 18 डिसेंबरला झाले, मोजणी 20 ला. सूनबाई 19 मतांनी पडली. त्याचे श्रेय किंवा दोष केंद्राला देण्याचे कारण नाही. आमच्याच वाड्यातली काही मते कुठे गेली ते आम्हाला ठाऊक आहे आणि तो विषय घरातच ठेवलेला बरा.

माझी खरी नाराजी त्यानंतरची आहे. केंद्राच्या दारावर 'अर्जापासून हिशेबापर्यंत सर्व कामे' असा फलक लावलेला होता, आणि हिशेबाच्या कामाचे 250 रुपये त्याने आमच्याकडून आधीच घेतले होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी बिले घेऊन गेलो तेव्हा तो म्हणाला, "वहिनी निवडून नाई आल्या नं, मग हिशेब कायले पायजे?" हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो देणाऱ्यापेक्षा तो मानणाऱ्याला महाग पडतो. निवडून आलेला, पडलेला आणि बिनविरोध झालेला, प्रत्येक उमेदवाराने निकालापासून 30 दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. तो दिला नाही तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14-ब खाली पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवता येते. पडलेल्या माणसाला तर हे अधिकच जपायला हवे, कारण पुन्हा उभे राहण्याची गरज त्यालाच असते. मी त्याला तसे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की पडलेले कोणी हिशेब घेऊन येतच नाहीत. ते खरे असेल. पण लोक येत नाहीत म्हणून नियम नाही, असे त्याने समजावे हे त्याच्या त्या प्रश्नांच्या कागदाशी जुळत नाही.

फॉर्म त्याच्याजवळ नव्हते, वेळही नव्हता. उत्पन्नाच्या दाखल्यांची गर्दी सुरू झाली होती. शेवटी तहसीलमधल्या एका लिपिकाकडून नमुने मिळवून मी ते हाताने भरले. आमच्या 9 सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला 25 हजार रुपयांची मर्यादा होती, थेट सरपंचाच्या उमेदवाराला 50 हजारांची. आमचा खर्च पत्रके, दोन फ्लेक्स, ध्वनिक्षेपक लावलेला ऑटो आणि चहा-नाश्ता मिळून 11 हजारांच्या आत बसला. (गावात प्रत्यक्ष खर्च किती होतो आणि कागदावर किती उतरतो, यावर स्वतंत्रपणे लिहिता येईल, आमच्यापुरते एवढेच सांगतो की दोन्ही आकडे एकच होते, आणि 19 मतांचे एक कारण कदाचित तेही असावे.) 19 जानेवारीला मुदत संपत होती, 16 जानेवारीला हिशेब दिला आणि पोच घेतली. 250 रुपये परत मागितले तेव्हा केंद्रचालकाने ते रोख न देता 'खात्यात' ठेवले आणि पुढच्या काही महिन्यांत सातबारा व दाखल्यांच्या रूपाने फेडले. फिटले, पण हा मार्ग मला आवडला नाही.

तरीही पुढच्या वेळी आमच्या घरातून किंवा पॅनलमधून कोणी उभे राहिले तर अर्जासाठी मी याच केंद्रात जाईन, हिशेबासाठी जाणार नाही. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर अर्जापूर्वीच्या चौकशीला पाच, टंकलेखनाला अडीच, छपाईला चार आणि हिशेबाच्या कामाला शून्य देईन. ज्यांना जायचे आहे त्यांनी मुदतीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी जावे. आठवडी बाजाराच्या दिवशी तर मुळीच जाऊ नये, कारण त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही आणि वीजही हमखास जाते. स्त्री उमेदवारांनी विवाह नोंदणीची मूळ प्रत न्यावी. बँकेचे खाते आधीच्या आठवड्यात उघडून ठेवावे. चष्मा न्यावा, आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतल्याशिवाय अंतिम करण्यासाठी मान हलवू नये. केंद्र सकाळी साडेनऊला उघडते, रविवारी बंद असते, पण अर्जांच्या दिवसांत आदल्या रात्री फोन केला तर तो आठ वाजताही शटर उघडतो. बसायला तीनच खुर्च्या आहेत. टपरीवरचा चहा चांगला आहे.